घरचे पेय, घरचे पचन

(संस्थेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासन विभागातर्फे केलेल्या भाषणाचा लेखी मसुदा)



अहवालाच्या या भागात आम्ही दरवर्षी खाटा, शस्त्रक्रिया आणि यंत्रसामग्री यांविषयी बोलत असतो. ती माहिती आणि जमाखर्चाची पत्रके पुढील पानांवर आहेतच. यंदा मात्र स्वयंपाकघराविषयी बोलावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाकडून आली. त्यामागचे कारण असे, की मंडळाच्या एकाच बैठकीत दोन विषय एकापाठोपाठ एक आले. पहिला एक अर्ज होता. प्रवेशद्वारालगतच्या मोकळ्या जागेत बाटलीबंद आणि खोक्यातील पेये विकणारे यंत्र बसविण्याची परवानगी त्यात मागितली होती व जागेचे भाडेही चांगले देऊ केले होते. दुसरी मागणी आमच्या आहारतज्ज्ञ भगिनींची. स्वयंपाकघरासाठी एक मोठा मिक्सर, आणखी एक फ्रीज, आणि ज्यांना चालेल त्या रुग्णांना रोज दुपारी पेलाभर ताक किंवा फळ-दह्याचे पेय देता येईल एवढी वाढीव तरतूद.

एक विषय जमेच्या बाजूचा, दुसरा खर्चाच्या. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आयुष्य खतावण्यांत गेले. त्यामुळे पहिल्या अर्जावर आमची नजर थोडी अधिक वेळ रेंगाळली, हे ताकाला जाऊन भांडे न लपवता सांगतो. मंडळाने पहिला अर्ज नाकारला आणि दुसरी मागणी मंजूर केली. तो निर्णय का झाला, हे ज्यांच्या पैशातून तो अमलात येतो त्या देणगीदारांना कळावे, हा आजच्या बोलण्याचा एक हेतू. दुसरा हेतू नातेवाइकांसाठी आहे. ते पेय घरी कसे करावे, कोणासाठी करावे, आणि कोणासाठी मुळीच करू नये, हे सांगावयाचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हेत. येथे जे वैद्यकीय सांगितले जाईल ते आमच्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी नजरेखालून घातलेले आहे.

रुग्णालयात पचनाचा प्रश्न किती मोठा असतो, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा येत नाही. खुब्याचे हाड मोडून आलेल्या आजीबाईंचे उदाहरण घ्या. शस्त्रक्रिया उत्तम होते, जखम सुकू लागते, ताप नसतो. परंतु पाचवा दिवस उजाडला तरी पोट साफ होत नाही. त्याला कारणे अनेक. तीव्र वेदनाशामक औषधांपैकी काहींनी आतड्यांची हालचाल मंदावते. सतत पडून राहिल्याने ती आणखी मंदावते. लघवीला वारंवार उठावे लागू नये म्हणून आजीबाई पाणीच कमी पितात. आणि खाटेवर बेडपॅन घेण्याचा संकोच तर असा, की चार दिवस दात-ओठ आवळून धरतील, पण मावशींना हाक मारणार नाहीत. पोट फुगते, भूक मरते, खाणे कमी होते आणि अशक्तपणा वाढतो. हाडाच्या डॉक्टरांचे काम संपलेले असते, तरी घरी जाण्याचा दिवस पुढे ढकलला जातो. धर्मादाय रुग्णालयात पुढे ढकललेला प्रत्येक दिवस म्हणजे बाहेर रांगेत थांबलेल्या दुसऱ्या एखाद्या रुग्णाची खाट होय.

अशा वेळी नातेवाईक काय आणतात? भेटीच्या वेळेस आम्ही वॉर्डातून फेरी मारतो तेव्हा खाटांशेजारची लहान कपाटे पाहतो. शहाळे, बिस्किटांचे पुडे, खोक्यातला आंब्याचा रस, शक्तिवर्धक भुकटीचा डबा, आणि घरून बाटलीत भरून आणलेला मोसंबीचा रस. रस प्रेमाने काढलेला असतो, आणि त्याहूनही प्रेमाने गाळलेला असतो. रुग्णाच्या घशाला काही लागू नये म्हणून सूनबाई तो दोनदा गाळून आणतात. परंतु ज्याची आजीबाईंच्या आतड्याला गरज होती तो चोथा घरच्या गाळणीतच राहतो, आणि बाटलीतून येते ते साखरेचे पाणी व थोडे जीवनसत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत फळांच्या रसातील साखरही टाळण्याजोग्या साखरेत धरली आहे. अख्ख्या फळातील साखर तीत धरलेली नाही. फळ तेच, साखर तीच, आणि मध्ये फक्त गाळणी आली. खोक्यातल्या पेयांविषयी वेगळे बोलावयास नको. रुग्णालयाच्या दारातच ती विकावयास ठेवावीत आणि आत डॉक्टरांनी ती बंद करावीत, हे मंडळाला रुचले नाही.

आता ताकाकडे वळू. महाराष्ट्रात ताकाची ओळख करून द्यावी असे कोणी उरलेले नाही. जेवणाचा शेवट ताकभाताने करणारी घरे अजून पुष्कळ आहेत, आणि लग्नाच्या पंगतीत जिलबीबरोबर मठ्ठा नसेल तर व्याही मंडळी त्याची चर्चा करतात. आयुर्वेदाने तर तक्राचे गुण प्रकरणेच्या प्रकरणे भरून सांगितले आहेत. आधुनिक विज्ञानाचे लक्ष त्याकडे थोडे उशिरा गेले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणारे रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असे मांडले की, आंबवलेल्या दुधातील जिवाणू आतड्यातील अपायकारक जिवाणूंना आवर घालतात आणि त्यामुळे आयुष्य वाढते. त्यांना १९०८ साली पॉल एर्लिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. ते मात्र शरीराच्या रोगप्रतिकार शक्तीवरील कामासाठी होते, दह्यासाठी नव्हे. दह्याने आयुष्य वाढते हा त्यांचा सिद्धांत जसाच्या तसा टिकला नाही. पण आतड्यात कोट्यवधी जिवाणू नांदतात आणि आपल्या आरोग्याशी त्यांचा संबंध असतो, हा विचार तेव्हापासून पुढेच गेला आहे.

अलीकडे 'प्रोबायोटिक' हा शब्द जाहिरातींमुळे घरोघर पोहोचला आहे. त्याचा नेमका अर्थ असा, की पुरेशा प्रमाणात घेतले असता आरोग्यास लाभ देणारे जिवंत सूक्ष्मजीव. घरच्या दह्यात जिवंत जिवाणू असतात हे खरे. परंतु ते कोणत्या जातीचे आणि किती, हे विरजण, दूध, हवामान आणि भांडे यांप्रमाणे घरोघर बदलते. म्हणून घरच्या ताकास औषधाचे नाव देऊ नये. त्याचे जे निश्चित गुण आहेत तेच पुरेसे आहेत. दूध आंबताना त्यातील दुग्धशर्करेचा काही भाग जिवाणू वापरून टाकतात आणि उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. त्यामुळे दूध घेतले की ज्यांच्या पोटात गुरगुरते, अशा पुष्कळ प्रौढांना ताक सोसते. त्यात प्रथिने व कॅल्शियम आहे. घुसळून लोणी काढल्यामुळे स्निग्धांश उतरतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो रुग्ण साधे पाणी पुढे केले तर तोंड फिरवतो, तो जिऱ्याची पूड घातलेले ताक आनंदाने पितो. पोट साफ होण्यासाठी आधी पोटात पाणी जावे लागते, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिचा विसर पडतो.

दही लावण्याविषयी चार शब्द, कारण इथेच पुष्कळ घरांत गफलत होते. दूध उकळून, बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्यावे, म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश सेल्सियस. त्याहून गरम असेल तर विरजणातील जिवाणू मरतात, आणि गार असेल तर दही लागत नाही. अर्धा लिटरला चहाचा एक चमचा ताजे विरजण पुरते. उन्हाळ्यात सहा तास, थंडीत दहा-बारा तास. लागल्याबरोबर फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर ते आंबत जाते, आणि आंबट झाले म्हणून त्यात साखर पडते. ताक करताना पाणी उकळून गार केलेले घ्यावे. वॉर्डातील रुग्णासाठी ताक आणावयाचे असल्यास ते सकाळी करून दुपारपर्यंत पिशवीत वागवू नये. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात केलेले ताक दोन तासांच्या आत वाटले जाते, आणि उरले तर टाकून दिले जाते. हे टाकून देणे आम्हांस हिशेबाच्या दृष्टीने अद्यापही जड जाते, पण नियम तो नियम.

ताकाने पाणी आणि प्रथिने मिळाली, तरी चोथा मिळत नाही. ती उणीव फळाने भरून निघते. ज्याला आजची मुले 'स्मूदी' म्हणतात ते पेय म्हणजे फळ न गाळता दह्यासह मिक्सरमधून काढलेले. आमच्या लहानपणी केळ्याचे शिकरण होते, त्याची ही दूरची धाकटी बहीण म्हणावयास हरकत नाही. फरक असा, की शिकरणात दूध आणि साखर असते, येथे दही आहे आणि साखर नाही.

आमच्या आहारतज्ज्ञांनी निश्चित केलेले एका पेल्याचे प्रमाण असे. घरचे ताजे, आंबट न झालेले दही अर्धी वाटी, म्हणजे सुमारे १०० ग्रॅम. उकळून गार केलेले पाणी तितकेच. पूर्ण पिकलेले, सालीवर तपकिरी ठिपके आलेले एक मध्यम केळे, किंवा पिकलेल्या पपईच्या फोडी वाटीभर. सब्ज्याचे बी चहाचा एक चमचा, अर्धा तास आधी भरपूर पाण्यात भिजवून फुगवलेले. जवस मंद भाजून केलेली पूड चहाचे दोन चमचे. चिमूटभर भाजलेले जिरे. दही, पाणी, फळ, जवस आणि जिरे मिक्सरमधून अर्धा मिनिट फिरवावे, मग सब्जा वरून मिसळावा आणि लगेच प्यावे. गाळू नये. ही सूचना आमच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या वर मोठ्या अक्षरांत लावलेली आहे, कारण सवयीने हात गाळणीकडे जातोच.

मिक्सरमध्ये फिरवल्याने चोथा नष्ट होतो काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नष्ट होत नाही. त्याचे तुकडे बारीक होतात इतकेच. तो जातो गाळण्याने. अख्खे जवस मात्र दळल्यावाचून घालू नये, कारण न चावलेला दाणा जसा आत जातो तसाच बाहेर पडतो. जवस ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील घरांत चटणीसाठी पूर्वापार असलेली वस्तू. आता तीच आकर्षक डब्यातून इंग्रजी नावाने चौपट दराने येते. केळ्यासाठी जळगावाहून दूर जावे लागत नाही. पपईविषयी एक खुलासा. पपईतील पाचक द्रव्य म्हणून ज्याचा बोलबाला आहे ते पपेन मुख्यतः कच्च्या फळाच्या चिकात असते, पिकलेल्या फळात ते फारच थोडे उरते. पिकलेली पपई उपयोगी पडते ती तिच्यातील पाणी आणि चोथा यांमुळे. पेरू मिळाला तर चोथ्याच्या बाबतीत तो या दोघांच्याही पुढे आहे, पण त्याच्या बिया म्हाताऱ्या माणसांच्या कवळीखाली अडकतात.

अशा एका पेल्यातून साधारण पाच-सहा ग्रॅम चोथा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगितला आहे. म्हणजे एका पेल्याने चौथाईच्या आसपास भागते. उरलेला भाकरी, उसळ, पालेभाजी आणि कोशिंबीर यांतूनच यावयाचा. पेला घेतला आणि बाकी दिवसभर मैद्याची बिस्किटे खाल्ली, तर त्याचा काही उपयोग नाही. तसेच चोथा एकदम वाढविला तर पोटात वायू धरतो. पहिल्या आठवड्यात अर्धाच पेला द्यावा आणि त्यावर पाणी द्यावे.

ज्यांची आयुर्वेदावर श्रद्धा आहे ते म्हणतील की, दही-ताकाबरोबर केळे हा विरुद्धाहार होय. ग्रंथांत तसे सांगितले आहे, आणि आम्हांस त्यावर वाद घालावयाचा नाही. ज्यांना हे मान्य असेल त्यांनी फळ सकाळी अकराच्या सुमारास खावे आणि ताक दुपारच्या जेवणाबरोबर घ्यावे. चोथा आणि ताक पोटात जाण्याशी मतलब, दोघे एकाच पेल्यातून गेले पाहिजेत असा आग्रह नाही. शिवाय आमच्या आहारतज्ज्ञांचे मत असे, की ज्यांचे दात शाबूत आहेत त्यांनी फळ चावूनच खावे. चावण्यास वेळ लागतो, तेवढ्यात पोट भरल्याची जाणीव होते. पेला दोन मिनिटांत रिकामा होतो. हे पेय खरे म्हणजे आजारातून उठलेल्यांसाठी, कवळी न बसणाऱ्या वृद्धांसाठी, तोंडाची चव गेलेल्यांसाठी आणि सकाळी काहीच न खाता बाहेर पडणाऱ्या तरुण मंडळींसाठी आहे. मधुमेह्यांनी फळाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. त्यांना साधे ताक अधिक बरे. रक्तदाब असणाऱ्यांच्या ताकात मीठ घालू नये, जिरे आणि कोथिंबीर पुरते.

हिशेब सांगितल्याशिवाय आमचे भाषण पुरे होत नाही. गायीच्या दुधाचा दर लिटरला साठ रुपये धरू. एका लिटरचे दही, त्यात दोन लिटर पाणी, म्हणजे तीन लिटर ताक. दोनशे मिलिलिटरचे पंधरा पेले. एक पेला चार रुपयांना पडला. फळाच्या पेल्याला दह्याचे सहा रुपये, केळ्याचे पाच, सब्जा-जवसाचे दोन-तीन. पंधरा रुपयांच्या आत काम होते. भुकटीचा डबा शेकड्यांत जातो आणि तो किती दिवस पुरतो हे आपण जाणता. औषधांच्या बिलाने आधीच वाकलेल्या कुटुंबाने, आपण रुग्णासाठी काही कमी केले नाही या भावनेपायी, असे डबे घेऊ नयेत, एवढीच आमची विनंती आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार-पूरक पदार्थ ही वेगळी बाब. तो अवश्य घ्यावा.

आता जे सांगणे अधिक गरजेचे आहे त्याकडे येतो. घरचे आहे म्हणून निर्धोक आहे, असे मुळीच नाही.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम पुरेसे बाहेर पडत नाही. एका मध्यम केळ्यात ते चारशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि शहाळ्यातही भरपूर असते. ते रक्तात साठले तर हृदयाचे ठोके बिघडतात. डायलिसिसच्या रुग्णाला आप्तांनी प्रेमाने शहाळे पाजावे आणि रात्री त्याला अतिदक्षता विभागात हलवावे लागावे, हे रुग्णालयांना नवे नाही. कमरख हे फळ तर अशा रुग्णास विषासमान आहे. पालकाचा कच्चा रस मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्यांनी टाळावा, आणि रक्त पातळ ठेवण्याच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी हिरव्या पाल्याचे रस एकाएकी सुरू करू नयेत.

दुधी भोपळ्याच्या रसाविषयी मुद्दाम सांगावयाचे आहे, कारण सकाळी फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांत तो फार प्रिय आहे. २०१० साली दिल्लीत दुधी आणि कारल्याचा कडू रस प्याल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. एखादा दुधी कडू निघतो तो त्यातील कुकुरबिटासिन या विषारी द्रव्यामुळे. रस करण्यापूर्वी दुधीचा लहान तुकडा चाखून पाहावा, आणि कडू लागल्यास तो दुधी टाकून द्यावा. कारल्याबरोबर रस काढला की कडूपणा कोणाचा हे कळत नाही, म्हणून तसा एकत्र रस काढूच नये. कडू औषध गुणकारी ही आपली समजूत येथे जिवावर बेतते. रस प्याल्यावर उलट्या, पोटदुखी वा चक्कर सुरू झाली तर क्षणाचा विलंब न लावता रुग्णालयात यावे.

काही औषधांचे आणि दुधा-दह्याचे पटत नाही. काही प्रतिजैविके, थायरॉइडची गोळी आणि लोहाच्या गोळ्या यांचे शोषण कॅल्शियममुळे घटते. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्यांत आणि पेयात किती अंतर ठेवावे हे औषध-विभागातील कर्मचारी सांगतात. तेथे रांग असली तरी विचारावे. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना पातळ ताक आणि सब्जा देऊ नये, ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. इसबगोल घेणाऱ्यांनी ते पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावे, कोरडे किंवा घोटभर पाण्याबरोबर घेतल्यास घशात वा आतड्यात त्याचा गोळा होऊ शकतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक दिवस चोथा वर्ज्य असतो. केमोथेरपी चालू असताना घरचे दही द्यावे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी ठरली असेल तर आधीचे काही दिवस सब्जा, जवस, पेरू बंद ठेवावेत, नाहीतर आतड्यात बिया चिकटलेल्या राहतात आणि तपासणी पुन्हा करावी लागते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, कोणत्याही पेयातून नव्हे आणि नुसताही नव्हे.

जुलाब लागले असतील तर हे फळाचे पेय बाजूस ठेवावे. तेथे साखर-मिठाचे ठराविक प्रमाणातील द्रावण, म्हणजे ओआरएस, हेच खरे औषध होय. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली, सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे द्रावण तोंडाने पाजून असंख्य जीव वाचविले. इतके स्वस्त औषध हाताशी असताना आपल्याकडे मुलांना त्याच्या नावाशी मिळतीजुळती गोड पेये खोक्यातून पाजली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर 'ओआरएस' हा शब्द छापण्यास मनाई केली. मंडळापुढे आलेल्या अर्जासोबत विक्रीच्या मालाची जी यादी होती, तीत फळांच्या चवीची अशी गोड पेये होती, हे येथे नमूद करतो.

आणि एक प्रसंग. साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आपल्या मुलीसह आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. सात महिने त्यांना शौचाची तक्रार होती, अधूनमधून रक्तही जात होते. घरच्यांनी मूळव्याध समजून बेलाचे सरबत, इसबगोल, सकाळचा रस असे सारे निगुतीने केले. वजन उतरले ते पथ्यामुळे उतरले असे सर्वांना वाटले. तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ आढळली. मुलगी डॉक्टरांना म्हणाली, "आम्ही तर एक दिवस रस चुकवला नाही." त्यावर डॉक्टरांनी तिला शांतपणे सांगितले, की रसाने काही बिघडवले नाही, पण त्याच्या भरवशावर सात महिने गेले. गृहस्थांची शस्त्रक्रिया झाली आहे, पुढील उपचार चालू आहेत. शौचावाटे रक्त, कारण नसता वजन घटणे, पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत एकाएकी झालेला बदल, रात्री झोपेतून उठविणारी पोटदुखी, किंवा गिळताना अडकणे, यांपैकी काहीही दिसल्यास पेल्याचा प्रयोग करीत बसू नये. आपल्याकडे या विषयावर घरात बोलण्याची लाज वाटते. वडील मुलाला सांगत नाहीत आणि सासूबाई सुनेला सांगत नाहीत. तपासणीचा खर्च झेपणारा नसेल तर समाजसेवा विभागाकडे अर्ज करावा. रुग्ण-साहाय्य निधी त्यासाठीच आहे, आणि येथे उपस्थित असलेल्या देणगीदारांमुळेच तो आहे.

मिक्सर आणि फ्रीज आता स्वयंपाकघरात बसले आहेत. वॉर्डातील प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर आहारतज्ज्ञ तीनपैकी एक खूण करतात : ताक, फळाचे पेय, किंवा दोन्ही नको. तिसरी खूण असलेल्या रुग्णाचे नातेवाईक कधी कधी नाराज होतात आणि शेजारच्या खाटेवरचा पेला पुढे सरकवतात. कृपया तसे करू नये. ती खूण विचारपूर्वक केलेली असते. प्रवेशद्वारालगतची मोकळी जागा तूर्त नातेवाइकांना बसण्यासाठी ठेवली आहे. तेथे दोन बाके आणि पिण्याच्या पाण्याची व्यवस्था करण्यात आली आहे.

ज्यांना हे पेय शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी दर शनिवारी दुपारी तीन वाजता उपाहारगृहामागील खोलीत आहारतज्ज्ञ भगिनी प्रात्यक्षिक दाखवितात. शुल्क नाही. येताना आपल्या घरात रोज वापरात असलेली वाटी, चमचा आणि पेला बरोबर आणावा, कारण कोणाची वाटी शंभर मिलिलिटरची असते तर कोणाची दोनशेची. तेथे ती मापून दिली जाते, आणि दही कोठवर घ्यावयाचे त्याची खूण वाटीच्या आतून दाखविली जाते.